मेलेल्याचं काम

"लाइनीत काऊन उभे राह्यले काका? तुमचं तं फिक्स आहे," पीयूष म्हणाला आणि चंद्रभानच्या कोपराला धरून त्याने त्याला रांगेतून बाजूला घेतलं. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर टाइल्सचं एक दुकान आहे. त्याच्या माथ्यावर एक हॉल आहे आणि रांग त्या हॉलच्या दारापासून पार जिन्यापर्यंत लागली होती. सगळी पन्नाशी-साठीतली माणसं. कुणी धोतर नेसून आलेला, कुणी पायजम्याला कडक इस्त्री मारून, एकजण तर चक्क फेटा बांधून. सगळ्यांना एकच काम हवं होतं, सिमेंटच्या जाहिरातीतल्या शेजारच्या काकांचं. चंद्रभानही त्याच कामासाठी रोहण्याच्या पलीकडून सकाळच्या गाडीने आला होता, वांग्याची तोडणी बायकोवर सोपवून. दारापासून तो आता हाकेच्या अंतरावर पोचला होता. आत एकेकाची परीक्षा चालली होती, प्रत्येकाचा आवाज बाहेर येत होता, आणि प्रत्येक आवाज ऐकून चंद्रभानला वाटत होतं, हॅट, याच्यापेक्षा आपण बरं बोलू. आणि ऐन वेळी हा पीयूष, नागपूरचा कास्टिंगवाला, दोन हातांत दोन मोबाईल, त्याला बाजूला घेऊन सांगत होता की फिक्स आहे.

"फिक्स म्हणजे कसं?"

"म्हणजे ऑडिशनची गरजच नाई. कंपनीवाल्यानं तुमचा फोटो पाह्यला अन् लगेच पास केला. बापाचा रोल आहे काका. मेन बाप."

मेन बाप. चंद्रभानने ते दोन शब्द तोंडात जरा वेळ धरून ठेवले. इतकी वर्षं तो या जाहिरातवाल्यांच्या मागे हिंडत होता, कधी नागपूरला जाऊन, कधी घरच्या घरी सुनेच्या मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवत, आणि एकदाही त्याला कुणी जिवंत, बोलता-चालता पडद्यावर घेतलं नव्हतं. एकदा तरी, एका वाक्यापुरतं तरी, एवढीच त्याची इच्छा होती. दुसरं काही नको होतं. आणि इथे तर वाक्य मागायला आलेल्याला आख्खा बाप मिळत होता.

"मंग डायलॉग दे ना पाठ कराले."

"डायलॉग कायचा? बाप वारलेला आहे ना. पोरगा घर बांधते, भिंतीवर बापाचा फोटो लावते अन् फोटोकडे पाहून बोलते. तुमी फक्त भिंतीवर. हार-बीर आमी घालू."

चंद्रभान हसला. ही त्याची जुनी खोड. जिथे दुसरा भडकला असता तिथे याला आधी हसू येतं आणि राग मागाहून येतो, उशिरा सुटलेल्या एसटीसारखा. पीयूषला वाटलं काका खूश झाले. तो म्हणाला, बसा, चहा घ्या, जुना फोटो आहेच माझ्याकडे, पण पांढऱ्या शर्टावर एक नवा काढू, आणि गेला. चंद्रभान खिडकीजवळच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. समोरच्या भिंतीवर आदल्या कुठल्या तरी साखरपुड्याची थर्माकोलची अक्षरं अर्धवट निघून लोंबत होती. खाली दवाखान्याकडे जाणारे ऑटो थांबत होते, माणसं भरून पुन्हा निघत होते. कुणीतरी चहाचा कागदी कप त्याच्या हातात दिला. चहा नको तितका गोड होता. अर्धा प्याल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कपाचा काठ दातांनी कुरतडतोय. म्हणजे राग पोचला होता.

कारण हे मरण काही पहिलं नव्हतं. मागे एकदा वर्ध्यात नाट्यस्पर्धा होती, तिथे याच पीयूषने प्रयोगानंतर विंगेत येऊन त्याचा फोटो काढला होता. चेहरा भारी आहे काका, मॉडेलिंगचं काम आहे, म्हणाला. कशाचं मॉडेलिंग ते त्याने सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही, कारण मॉडेलिंग हा शब्दच इतका झुळझुळीत होता की त्याच्यापुढे प्रश्न विचारणं म्हणजे अडाणीपणा. मग एक दिवस वर्ध्याच्या चौकात फलक लागला. अगरबत्तीचा. खाली पुडा, पुड्यातून निघालेला धूर, आणि त्या धुरात सोनेरी चौकटीत चंद्रभान, झेंडूचा हार घातलेला, कपाळावर काचेवरून कुंकवाचं बोट. त्याखाली, ते नसले तरी दरवळ आहे, असं काहीसं. चंद्रभान स्वतः जाऊन तो पाहून आला होता. आता खोटं कशाला बोलायचं, त्याला पहिल्यांदा अभिमानच वाटला. आपलं तोंड घराच्या दाराएवढं! तो बराच वेळ खाली उभा राहून वर बघत होता. एक सायकलवाला तिथून गेला, त्याने वर पाहिलं, मग खाली याच्याकडे पाहिलं, आणि पेडल मारत जो सुटला तो वळून बघायला तयार नाही. तेव्हाही चंद्रभान हसला होता. हसू पुष्कळ दिवस टिकलं नाही.

त्याचा मुलगा मुकेश दवाखान्यात नोकरीला आहे, नोंदणीच्या खिडकीवर. त्याच्या खिडकीशी लोक येऊन हात जोडायला लागले. बाबा कधी गेले, सांगितलं नाही, काय झालं होतं. "दिवसभर मले सांगा लागते का माहे बाबा जित्ते आहेत," मुकेश घरी येऊन म्हणाला होता, "अन् सांगतो तं लोकं माह्याकडेच कीव करून पाह्यतात. त्याईले वाटते, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला." तो चिडून बोलला नव्हता, थकून बोलला होता, म्हणून ते जास्त लागलं. आणि जयवंता, त्याची बायको. ती अंगणात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती तेव्हा आसपासच्या गावच्या बाया तिच्याजवळ बसायला आल्या. त्यांच्यातल्या एकीने हलकेच जयवंताच्या मनगटावर हात ठेवला, बांगड्या अजून कशा, असं त्या हातात होतं. जयवंताने जुडी बांधायची थांबवली नाही. "मालक वावरात हायेत, पाणी देऊन राह्यले," ती म्हणाली, "भेटाचं असन तं थांबा, येतीनच." बाया थांबल्या. संध्याकाळी पायाला चिखल लागलेला चंद्रभान दारात आला तर ओसरीवर ह्या सगळ्या बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडावर त्याने जे पाहिलं ते आनंदासारखं नव्हतं. फसवल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना जयवंताने कुंकू लावलं ते आजवर कधी लावलं नव्हतं एवढं मोठं, आणि भाजीचं टोपलं डोक्यावर घेता घेता म्हणाली, "पुढच्या खेपेले मराचं असन तं सांगून मरजा."

सगळ्यात कहर केला तो गिरडच्या वच्छलाबाईने. वच्छला म्हणजे त्याची थोरली बहीण. तिच्या पोराने कुठे तरी तो फलक पाहिला आणि तिला सांगितलं. ती एसटीतून उतरली ती रडतच. गावच्या फाट्यापासून घरापर्यंत तिचा आवाज गल्लीगल्लीतून पुढे येत होता, माह्या भाऊ वं, माह्या पाठच्या वं, आणि ज्याच्यासाठी तो येत होता तो बाजेवर बसून भाकर खात होता. त्याला पाहून वच्छला थबकली. खाली बसली. पदराने नाक पुसलं, श्वास खाली बसू दिला, आणि विचारलं, "कावळा बसलता का रे?"

तिच्या हिशेबाने त्यात काहीच वावगं नव्हतं. जित्या माणसाच्या डोक्यावर कावळा बसला तर ते मरणाचं लक्षण, आणि ते टळावं म्हणून घरचे लोक सोयऱ्याधायऱ्यांकडे निरोप धाडतात की माणूस गेला. सोयरे खरं समजून पोटभर रडतात, मरणाला वाटतं आपलं काम झालं, ते मागल्या पावली जातं. मग सोयऱ्यांना खरं सांगतात. वच्छला धरून चालली होती की चंद्रभानच्या डोक्यावर कावळा बसला आणि पूर्वी माणूस धाडत तसा आता फलक लावला. आजकाल सगळंच तसं झालंय. तिची तक्रार एवढीच होती, की "आमालेच सांगाचं ना बावा, साऱ्या जिल्ह्याले कायले सांगतलं? पण मी कसर नाई ठेवली. गिरडपासून रडत आली. आता तुले काही होत नाई." आणि तिने समाधानाने त्याच्याच ताटातली अर्धी भाकर मोडून घेतली. चंद्रभानने तिला अगरबत्तीचं काही सांगितलं नाही. इतकं मनापासून रडून आलेल्या बाईला ते सांगायचं तरी कसं.

"काका, दोन मिनिटं हा, लाइट लावून राह्यले," पीयूष मधूनच ओरडून गेला. आतून डायरेक्टर बाईंचा आवाज येत होता. आचल तिचं नाव, मूळची नागपूरची, आता मुंबईला असते, पोरगीच होती वयाने. ती कुणाला तरी म्हणत होती, छान आहे, पण थोडं कमी करा. चंद्रभानच्या पायांना तो शब्द ऐकून आपोआप हिसका बसला. पण मन त्याचं अजून कावळ्यापाशीच होतं, कारण त्याच्या डोक्यावर कावळा खरोखरच बसला होता. तेव्हा तो लहान होता. अंगणात खात बसला होता आणि डोक्यावर एकदम वजन आलं, केसांत नखं रुतली, कानाशी पंखांचा वारा. आईने किंकाळी फोडली. बापाने काहीएक न बोलता शेजारच्या अण्णाजीला सायकल देऊन मामाच्या गावी पिटाळलं, आणि चंद्रभानला आतल्या काळोख्या खोलीत नेऊन बसवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि बाहेरून कडी घातली. रडणं होईपर्यंत मुडद्याने दिसायचं नाही, असा दंडक. तो गूळ चाटत बसला. मग मामाकडचे आले. आधी गल्लीच्या वळणावर एक आवाज, मग पुष्कळ. ज्या मामीने त्याला कधी दुसरा लाडू दिला नव्हता ती म्हणत होती, माह्यं सोनं गेलं. मामा डोकं आपटत होता. पहिल्यांदा त्याला गंमत वाटली, आपण एवढे कुणाचे तरी आहोत म्हणून. पण रडणं थांबेना. त्यात त्याच्या आईचाही आवाज मिसळला, आणि आईला तर माहीत होतं! बाहेर सगळं कसं व्यवस्थित चाललं होतं, बायका पाणी पाजत होत्या, कुणी लाकडांची गोष्ट काढली होती, आणि त्याला एकाएकी वाटलं की हे विसरले. हे आता हे मरण खरं धरून चालतील, रडतील, उठतील, जेवतील, आणि ही कडी कुणी काढणार नाही. ते भय त्याच्यात आजही तसंच्या तसं होतं. त्याने दाराला लाथा घातल्या. कडी जुनी होती, निखळली, आणि तो उजेडात सगळ्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून तो म्हणाला, "गूळ संपला."

मामा मागच्या मागे बसला. बापाने थोबाडीत मारली, अजून थोडं रडू द्याचं होतं ना बे, म्हणून. मग मामाने त्याला ओढून घेतलं आणि अंगभर चाचपलं, पाय, पाठ, मान, बाजारात बैल चाचपतात तसं. सगळे त्याच्याकडे पाहत होते. पुढे गावच्या नाटकांत त्याने किती कामं केली, राजे केले, सावकार केले, पाटील केले, लाइट गेली आणि माईक मेला तरी मागच्या बैलगाड्यांवर बसलेल्या बायांपर्यंत शब्द पोचवला, पण विंगेतून उजेडात पाऊल टाकताना त्याला हवी असायची ती हीच नजर. अरे, हा तर आहे. बस, एवढंच. टाळ्या बिळ्या नंतरच्या.

आणि जाहिरातवाल्यांना नेमकं तेच नको असायचं. कमी करा काका. चहाच्या जाहिरातीसाठी एक घोट घेऊन वा म्हणायचं होतं. त्याने असा वा म्हटला की रूपालीच्या हातातला मोबाईल हलला. रूपाली म्हणजे त्याची सून, मुकेशची बायको, त्याचे सगळे व्हिडिओ तीच काढायची, गोठ्याच्या भिंतीला पांढरी चादर लावून. बाबा, कमी, ती हळूच म्हणायची, कारण तिकडून तसंच कळवलेलं असायचं. सांधेदुखीच्या तेलासाठी खुर्चीतून उठायचं होतं, तर म्हणाले काका तुम्ही फार सहज उठता. मग त्याने कण्हत उठून दाखवलं, तर म्हणाले फार कण्हता. टॉर्चच्या जाहिरातीत नुसतं अंधारात बघून ओळखीचं हसायचं होतं, तेही जास्त झालं. भाजीच्या हर्रासीत, जिथे शंभर माणसं एकदम बोली ओरडत असतात, तिथे ज्याचा भाव एका हाकेत ऐकू जातो त्या माणसाला हे सगळे शहाणे सांगत होते की तुझं सगळं जास्त आहे. आवाज जास्त, हात जास्त, भुवया जास्त. काय काय कमी करू, त्याने एकदा रूपालीला विचारलं होतं. ती बिचारी काय सांगणार. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं. सगळं कमी करत गेलं की उरतो तो फोटो. म्हणून तर क्लायंटने लगेच पास केला. हारातला चंद्रभान कुणालाच जास्त होत नव्हता. हा राग साधा नव्हता, तो स्वच्छ होता, आणि त्याने चंद्रभानला एकदम हलकं वाटलं. त्याने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, उठला आणि रांगेच्या शेवटी, जिन्यात जाऊन उभा राहिला.

पुढे फेटेवाला होता. तानबा, पुलगावकडचा. "तुमचं तं झालं म्हणे?" तो म्हणाला.

"नाई झालं."

"कोणतं देत होते?"

"मेलेल्याचं."

"मंग चांगलंच की. पाठांतर नाई, काई नाई." तानबाने फेटा सारखा केला. मग म्हणाला, "मले दिलं तं मी करतो. माह्या घरी कोणी बी नाई रडाले. घाला म्हणा हार." तो हे मजेत बोलला होता, पण जिन्यात त्यावर कुणी हसलं नाही. चंद्रभानला तर त्याच्या पाठीकडे बघवेना. स्वतःच्या घरची रडणारी माणसं त्याला आठवली, मुकेशचा थकलेला चेहरा आणि जयवंताचं ते मोठं कुंकू, आणि त्याला वाटलं, आपण एक फोटो दिला आणि या सगळ्यांनी तो भोगला. रांग पुढे सरकली. तानबा आत गेला, बाहेर आला, खांदे उडवून त्याच्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसला. मग चंद्रभानची पाळी आली. दारात पीयूष आडवा झाला.

"काका, काय करून राह्यले? तुमी फोटोत आहे. मेलेला माणूस शेजारी कसा येईन?"

"नाई येत. म्हनून फोटोत नाई मी. सरक."

"अहो, फिक्स काम सोडून... इथं नाई झालं तं तेबी जाईन. दोन्ही जातीन."

"जाऊ दे." आणि तो आत गेला.

आत दोन उभे दिवे होते, जमिनीवर चिकटपट्टीची फुली, समोर कॅमेरा, आणि छोट्या टीव्हीसारख्या पडद्यामागे आचल. तिने त्याला ओळखलं नाही, किंवा भिंतीवरच्या माणसाला चालताना पाहून तिला क्षणभर जुळवता आलं नाही. तिने नाव विचारलं, त्याने सांगितलं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा. वांग्याच्या काट्यांनी ओरखडलेले हात त्याने दाखवले. मग तिने समजावलं. शेजाऱ्याने नवं घर बांधलंय, तुम्ही दारात आलात, वर बघायचं आणि म्हणायचं, घर बांधावं तर असं. एवढंच.

त्याने म्हटलं.

"छान आहे काका. थोडं कमी."

त्याने आवाज खाली आणला. "घर बांधावं तर असं."

"मस्त. अजून थोडं कमी. हात नको." त्याने हात खाली सोडले. "मान हलू देऊ नका." त्याने मान आवळली. "भुवया." त्याने भुवया धरून ठेवल्या, आणि आता त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, दिव्यांची ऊब गालाला लागत होती, कपाळावर घामाचा एक थेंब उतरायला जागा शोधत होता आणि तो पुसायचीही सोय नव्हती. तो पोरगी म्हणेल तसं करत होता. त्याला खरंच करायचं होतं, काम मिळवायचं होतं. इतक्या जवळ तो कधी आला नव्हता. "सुंदर. आता शब्दही जवळजवळ नको, नुसतं डोळ्यांत असू द्या," आचल म्हणाली, आणि ती हे प्रेमाने म्हणाली, त्याला मदत करायला. चंद्रभानने समोर कॅमेऱ्याच्या काचेच्या काळ्या गोलात पाहिलं. तिथे एक माणूस होता, ताठ, गप्प, नजर रोखलेला, आणि त्याला फक्त चौकट घालायची बाकी होती.

"नाई जमत," तो म्हणाला.

"जमलंय की काका, अगदी..."

"तुमचं जमलं. माहं नाई. एक डाव माह्या मनानं करू द्या. मंग पुढचा बलावजा."

तिने हात हलवून हो म्हटलं. चंद्रभान फुलीवरून उतरला. चार पावलं मागे गेला, दारापर्यंत, आणि तिथून चालत आला, घरातून वावराकडे निघालेला माणूस वाटेत शेजाऱ्याचं नवं घर बघायला वळतो तसा, पायात चप्पल ओढत. वर पाहिलं. कुठे वर काही नव्हतं, एक पंखा आणि छताला आलेली ओल, पण त्याने तिथे घर पाहिलं. कुणाचं तरी, अंगावर माती घेऊन उभं केलेलं. त्याला हेवा वाटला आणि आनंदही वाटला, दोन्ही एकदम, आणि ते दोन्ही त्याने हातापायात, भुवयांत, गळ्यात जिथे जिथे शिरलं तिथे शिरू दिलं. "काय घर बांधलं बे!" तो म्हणाला, त्याच्या बोलीत, मागच्या बैलगाड्यांपर्यंत पोचणाऱ्या आवाजात. "घर बांधावं तं असं!" हॉलच्या रिकाम्या भिंतींवर तो आवाज जाऊन आदळला. बाहेर रांगेतली कुजबुज थांबली. पडद्यामागच्या पोराने हेडफोन कानावरून काढून मान वर केली. आणि आचल पडदा सोडून त्याच्याकडे बघत होती, नुसत्या डोळ्यांनी. त्या एका क्षणात तिच्या तोंडावर काय होतं ते चंद्रभानने ओळखलं, कडी निखळली तेव्हाची तीच नजर. दुसऱ्या कुणाला ओळखू आलं नसतं.

"काका," ती म्हणाली, "खरं सांगते, हे चांगलं आहे. पण आमच्या जाहिरातीत मावणार नाही."

"नको मावू द्या." त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. छातीत जे काम घट्ट धरलेलं होतं ते सुटून खाली गेल्यासारखं झालं. पण पाय जमिनीवर होते आणि आवाज अजून घशात गरम होता. तो पीयूषकडे वळला. "आता माहा थो फोटो पुस."

"कोणता?"

"हाराचा. मोबाईलमंदला. माह्यासमोर पुस."

"अहो काका, क्लायंटने पास केला तो. आता संध्याकाळपर्यंत मी दुसरा मेलेला कुठून आणू?" पीयूष रडकुंडीला आला होता. दाराबाहेर पायरीवर तानबा बसलेला होता, त्याचा फेटा दिसत होता. चंद्रभानने त्याचं नाव घेतलं नाही. त्याने फक्त हात पुढे केला, आणि पीयूषने आचलकडे पाहिलं, तिने खांदे उचलले, तेव्हा त्याने मोबाईल काढून फोटो शोधला. हारातला चंद्रभान पुन्हा एकदा दिसला, शांत, समजूतदार, कुणालाच जास्त न होणारा. पीयूषच्या अंगठ्याखाली तो गेला.

"पुसलेले फोटो पडून राह्यतात थे बी डबडं असते ना," चंद्रभान म्हणाला, "तिथूनबी." रूपालीमुळे त्याला एवढं कळत होतं. पीयूषने तिथूनही काढला. मग तो मोबाईल खिशात टाकता टाकता थांबला आणि जरा घुश्शातच म्हणाला, "मग तुमचा नंबर ठेवून तरी काय करू काका? तोही काढून टाकतो."

"नंबर राहू दे," चंद्रभान म्हणाला. "उचलाले जित्ता माणूस हाये."